घड्याळ कसं आहे, अद्वयराव?

९ फेब्रुवारी, रविवार

ऑफिसने जानेवारीत दिलेली डायरी आजवर कोरी होती. आज साखरपुडा झाला, म्हटलं निदान तेवढं तरी लिहावं.

तर कल्पिताच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझ्या मनगटावर स्वतःच्या हाताने घड्याळ बांधलं. साखरपुड्यात जावयाला घड्याळ द्यायची त्यांच्याकडे पद्धत आहे. स्टीलचा पट्टा, निळी तबकडी, आणि मागे कोरलेलं, ‘वॉटर रेझिस्टंट, ५० मीटर’. मला वाटलं, बांधलं की संपलं. पण अण्णांनी चष्मा लावला, खिशातून त्या घड्याळासोबत आलेली माहितीपुस्तिका काढली आणि हॉलमधल्या यच्चयावत नातेवाइकांसमोर मला शिकवायला सुरुवात केली.

“अद्वयराव, पन्नास मीटर म्हणजे हे घालून पन्नास मीटर खोल जायचं असं नव्हे. हात धुतले, अंगावर पाऊस पडला, चालेल. गरम पाणी नको, साबण नको, वाफ तर नकोच. आणि ही बाजूची चावी ओल्या हाताने कधी ओढायची नाही. ती बाहेर राहिली की पाणी आत गेलंच म्हणून समजा.”

मी पहिलं वाक्य तेवढं मनावर घेतलं. नंतरची नुसती कानावर पडत होती, तेवढ्यात काहीतरी विनोदी करावं असं मला वाटलं, आणि मला असं वाटतं तेव्हा ते कधीच बरं नसतं. “बघूया तरी,” असं म्हणून मी समोरच्या तांब्यात घड्याळासकट हात बुडवला. तो गुरुजींचा पूजेचा तांब्या होता.

माझ्या आत्या खूप हसल्या. गुरुजी नवीन पाणी आणायला उठले. अण्णांनी पुस्तिका मिटून माझ्या खिशात ठेवली.

संध्याकाळी कल्पिताचा फोन. “अरे, तुला माहितेय ना अण्णा तुझ्याबद्दल काय म्हणालेले? मुलगा चांगला आहे, पण धांदरट आहे.”

माहीत आहे. पहिल्यांदा त्यांच्या कोपरीच्या घरी गेलो होतो तेव्हा परत येताना अण्णांच्या चपला घालून ठाकुर्लीला आमच्या घरापर्यंत आलो होतो. त्यांचा होकार मिळाला आहे खरा, पण कल्पिताच्या म्हणण्याप्रमाणे ते अजून बघतायत. म्हणजे हे घड्याळ ही माझी परीक्षा आहे. लग्नापर्यंत ते नीट सांभाळून दाखवायचं. एक घड्याळ सांभाळायला असं काय लागतं?

११ फेब्रुवारी

घड्याळ आमच्या घरात रीतसर दाखल करून घेतलं, म्हणजे पाच मिनिटं पुढे केलं. आमच्याकडे कुठलंच घड्याळ खरी वेळ दाखवत नाही. बाबा नोकरीत असताना त्यांनी ही पद्धत सुरू केली. निवृत्त झाले तरी घड्याळं अजून ऑफिसला निघालेलीच आहेत. हॉलमधलं पाच मिनिटं पुढे, स्वयंपाकघरातलं त्याहून थोडं पुढे, आणि हॉलमधलं स्वतःच्या मनाने मागे पडतं. त्यामुळे रोज सकाळी सगळी एकमेकांशी जुळवायची. हे काम आता मी नव्या घड्याळानिशी करतो. चावी ओढायची, फिरवायची, दाबायची. मजा येते.

अंघोळीलाही घड्याळ काढत नाही.

“अरे, काढून ठेव की,” आई म्हणाली.

“आई, पन्नास मीटरपर्यंत चालतं.”

“आपली बादली केवढी आहे?”

या बाईला तांत्रिक गोष्टी समजावण्यात अर्थ नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कल्पिता जेवायला आली होती. आईने तिला दोनदा वाढलं आणि मला एकदाच. जेवत असतानाच अण्णांचा फोन, माझ्या मोबाइलवर.

“घड्याळ कसं आहे, अद्वयराव?”

“फर्स्ट क्लास, अण्णा.”

“चालतंय ना नीट?”

“एकदम.”

फोन मात्र ठेवेनात.  शेवटी “बरं” म्हणून त्यांनी फोन ठेवला. ती निघाली, तिला सोडायला मीही लोकलमध्ये चढलो आणि पुन्हा फोन: घड्याळ कसं आहे? दोन तासांत घड्याळाला काय होणार? इतका संशयी माणूस मी पाहिला नाही. कल्पिताला म्हटलं, तर ती म्हणाली, “त्यांना सवय आहे तशी,” आणि खिडकीबाहेर बघत बसली.

२ मार्च

लिहायला लाज वाटते आहे, पण डायरी माझीच आहे.

दोन दिवस सर्दीने डोकं जड होतं. आज सकाळी घड्याळ जुळवत होतो, तेवढ्यात आईने हाक मारली, “पाणी उकळलंय, वाफारा घे.” गेलो. पातेल्यावर वाकलो, डोक्यावरून टॉवेल घेतला, दोन्ही हात पातेल्याला धरले आणि चांगला घाम फुटेपर्यंत वाफ घेतली. नाक मोकळं झालं. टॉवेल काढला तर घड्याळातले आकडे दिसेनात. वाटलं चष्म्यावर वाफ आहे. चष्मा पुसला. परत पुसला. मग लक्षात आलं की वाफारा आम्ही दोघांनी घेतला होता.

आणि चावी बाहेर होती. सकाळी ओढली ती तशीच.

अण्णांनी नको म्हणून सांगितलेल्या यादीतलं गरम पाणी, साबण, वाफ आणि चावी हे सगळं माझं तीन आठवड्यांत करून झालं. पुस्तिका काढून वाचली. आता वाचली! त्यात ‘त्वरित अधिकृत केंद्रात न्यावे’ असं लिहिलंय. अधिकृत केंद्रात नेलं आणि कोणी पाहिलं तर? केंद्र डोंबिवलीत, आणि तिथे अण्णांच्या ओळखीची माणसं गल्लोगल्ली आहेत. घरच्या घरी निस्तरलेलं बरं.

६ मार्च

घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरलं होतं. तांदूळ पाणी ओढतात असं मोबाइलवर पाहिलं. पण घरात हे कोणाला सांगितलं नव्हतं. आईने मापटं भरून तांदूळ काढले आणि तिला त्यात निळी तबकडी दिसली. कुकरमध्ये जायच्या आत दिसली, हे नशीब.

“हे काय आहे?”

“प्रयोग.”

“जावई म्हणून पाठवायचंय तुला, आणि तू घड्याळाचा भात लावतोयस.”

आता पट्ट्याच्या सांध्यासांध्यांत तांदळाची भुकटी बसली आहे. वाफ आहे तशीच.

९ मार्च, रविवार

नवा उपाय: ऊन. आईने गच्चीवर पापड वाळत घातले होते, त्यांच्यात घड्याळही ठेवलं आणि कावळे हाकायला स्वतः बसलो. तासाभराने आनंदीआनंद! काच स्वच्छ. तेवढ्यात अण्णांचा फोन.

“घड्याळ कसं आहे?”

“आत्ताच बघत होतो, अण्णा. फर्स्ट क्लास.”

“कुठे आहात? वारा ऐकू येतोय.”

“गच्चीवर. पापडांपाशी.”

“कल्पिता आली आहे का तिकडे?”

“नाही, ती मैत्रिणीकडे गेली आहे ना आज?”

“हो हो. म्हटलं आली असेल.” फोन तरीही ठेवेनात. “पापड कसले आहेत?”

“पोह्यांचे.”

“बरं.”

सावलीत आणलं आणि थोड्या वेळाने वाफ पुन्हा हजर, बाराच्या आकड्यापासून चारच्या आकड्यापर्यंत. म्हणजे ती कुठे गेलीच नव्हती, फक्त उन्हात दिसत नव्हती. सासऱ्याशी खोटं बोललो आणि तेही पापडांच्या साक्षीने.

३० मार्च

पाडव्याला कल्पिता आली आणि तिने पहिल्यांदा मनगटच धरलं. “अद्वय! हे काय?”

सगळं सांगितलं. आधी हसली, मग गंभीर झाली.

“अण्णांना सांग ना सरळ.”

“वेडी आहेस का? धांदरट म्हणालेत ते मला. हे कळलं तर काय म्हणतील?”

“तू ओळखत नाहीस त्यांना.”

“तू सांगणार नाहीस. शपथ घे.”

“मी नाही सांगणार,” ती म्हणाली. “पण तू चुकतोयस.”

लग्नाआधीच चुकतोयस! नंतर काय होणार? पण खरं सांगायचं तर मी घाबरलो आहे. अण्णांना मी आवडायला हवा आहे. कल्पिता त्यांची एकुलती एक, आणि ती त्यांच्याबद्दल बोलते तेव्हा तिचा आवाजच बदलतो. त्या घरात मी चपला चोरणारा आणि घड्याळं बुडवणारा म्हणून ओळखला जाऊ नये, एवढंच मागणं आहे.

२० एप्रिल, रविवार

कळव्याला कल्पिताच्या मावशीकडे केळवण. एवढ्या उकाड्यात मी लांब बाह्यांचा शर्ट घालून गेलो. मनगटाची बटणं लावलेली. मावशींनी पंखा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, “ताप आहे का?”

अण्णा समोरच. पानं वाढेपर्यंत कल्पिताच्या आई, उत्तराकाकू, गप्पा मारत होत्या. घड्याळाचा विषय निघाला, तो निघणारच.

“आमच्या साखरपुड्यात माझ्या वडिलांनी यांना घड्याळ दिलं होतं,” काकू म्हणाल्या. “कन्यादानाच्या पाण्यात भिजलं आणि तिथेच बंद पडलं. वडील जाईपर्यंत दर भेटीत विचारायचे, जावईबापू, घड्याळ चालतंय ना? आणि हे दर वेळी सांगायचे, फर्स्ट क्लास.”

सगळे हसले. अण्णा पानातलं मीठ नीट करत म्हणाले, “कपाटात आहे अजून.”

यावरून एवढंच कळलं, की घड्याळाच्या बाबतीत हा माणूस भलताच हळवा आहे. माझं काही खरं नाही.

मग जेवायला सुरुवात केली आणि माझी बाही आमटीत गेली. जायचीच होती. मावशी “अहो, बाह्या वर करा” म्हणतायत, मी “नको, ठीक आहे” म्हणतोय, आणि अण्णा स्वतः उठून आले. माझ्या शेजारी बसले, बटण काढलं आणि बाही दुमडायला लागले. मी डोळे मिटले. त्यांची बोटं घड्याळावर क्षणभर थांबली. मग त्यांनी बाहीला घड्या घातल्या. घडी अशी बसली की काठ बरोबर घड्याळावर आला आणि तबकडी झाकली गेली.

“जेवा निवांत,” ते म्हणाले.

काय नशीब! त्यांनी थेट घड्याळावर हात ठेवला आणि त्यांना काही दिसलं नाही. चष्मा डोळ्यांवर होता, पण घाईत लक्ष गेलं नसणार. तीन वाट्या आमरस प्यालो.

२३ एप्रिल

कल्पिताचा फोन. “कल्याणला भगवान म्हणून एक घड्याळवाले आहेत, स्टेशनपासून जवळच. तिकडे दाखव. लग्नाआधी करून देतील.”

“तुला कोणी सांगितलं?”

“कोणीतरी. तू जा ना रे.”

अधिकृत केंद्रात फोन केला होता, त्यांना महिना हवा होता. कल्याणला आम्हाला कोणी ओळखत नाही. जातो.

२६ एप्रिल, शनिवार

भगवान हे अजब गृहस्थ निघाले. एवढंसं दुकान, आणि भिंतीवरची सगळी घड्याळं एकच वेळ दाखवतायत. आमच्या घरातल्या माणसाला भोवळच यावी. मी खिशातून रुमाल काढला, रुमालात घड्याळ होतं. उघडायच्या आतच ते म्हणाले, “वाफ धरली ना? ठेवा.”

केवढा अनुभव!

“माझ्या मित्राचं आहे,” मी म्हटलं.

“असं का? मित्र वाफारा घेतो वाटतं.” त्यांनी मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं. “वेळेवर आणलंत. आत गंज नाही अजून. रबराची रिंग फुगली आहे, ती बदलतो, चावीचीही बदलतो. मग पाण्याच्या मशीनमध्ये घालून बघतो. हातावर पाणी पडणारच आहे ना त्याच्या.”

“कोणाच्या?”

“मित्राच्या. लग्न कधी आहे?”

“अकरा मेला.” हे मी का सांगितलं ते कळलं नाही.

“त्याच्या आठवडाभर आधी न्या. आणि मित्राला सांगा, रिंग दर वर्षी-दोन वर्षांनी तपासून घ्यायची. कधी खाऱ्या पाण्यात गेला तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवून पुसायचं. आणि चावी रोज रोज ओढायची काय गरज असते हो?”

आगाऊ पैसे काढले तर घेईनात. “बघू नंतर. ओळखीतलं काम आहे.”

“कोणाच्या ओळखीतलं?”

“मित्राच्या,” म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. पावतीसाठी नावसुद्धा विचारलं नाही. अशी सरळमार्गी माणसं अजून आहेत!

४ मे

घड्याळ आणलं. भगवाननी पैसे आजही घेतले नाहीत. काच आरशासारखी. सुटलो.

बाबांनी ते हॉलमधल्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि हादरले. “हे मागे आहे.” बाबा, ते बरोबर आहे, म्हटलं. त्यांना पटेना. घरची शिस्त म्हणून शेवटी पाच मिनिटं पुढे केलं. कोरड्या हाताने, आणि चावी दाबून, परत दाबून, आईकडूनही दाबून घेतली. ही शेवटची. आता चावीला हात लावणार नाही.

आता अंघोळीला जाताना घड्याळ कपाटात. हात धुताना मनगटावर प्लास्टिकची पिशवी. मघाशी लिंबू सरबत पितानासुद्धा काढून ठेवलं. आई म्हणाली, “आधी घड्याळाला बुडवलंस, आता स्वतः पाण्याला घाबरतोयस. मधलं काही येतं का तुला?”

१२ मे, सकाळ

काल लग्न झालं. घर पाहुण्यांनी भरलंय, मी गच्चीवर येऊन लिहितोय. कल्पिता खाली आहे. आमच्या घरात, खाली, कल्पिता! हे लिहून परत वाचलं.

कन्यादानाचं सांगायचंय. खाली काशाचं भांडं, त्यावर माझी ओंजळ, माझ्या ओंजळीवर कल्पिताची, तिच्यावर अण्णांची, आणि काकू वरून पाण्याची धार सोडणार. गुरुजींनी “हात पुढे करा” म्हटलं तेव्हा मला एकदम कळलं की पाणी थेट माझ्या मनगटावरून जाणार आहे. अण्णांचं घड्याळ बंद पडलं ते इथेच! मी घाईघाईने घड्याळ काढायला लागलो. तो पट्टा काही केल्या निघेना. गुरुजी थांबले, सगळा मांडव थांबला.

अण्णा माझ्याकडे वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “असू दे हातात. भगवानने रिंग नवी घातली आहे.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते माझ्याकडे बघत नव्हते.

मग धार पडली. पाणी त्यांच्या हातांतून तिच्या हातांत, तिच्या हातांतून माझ्या हातांत, आणि घड्याळावरून खाली. गुरुजी म्हणाले, “झालं, हात काढा.” काकूंचा तांब्या रिकामा झाला होता, पण अण्णांची ओंजळ तशीच धरलेली होती. गुरुजींना दुसऱ्यांदा सांगावं लागलं. तेव्हा त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझं मनगट पुसायला घेतलं. काच पुसली, पट्टा पुसला, पुन्हा काच पुसली.

“अण्णा, कोरडं झालं,” मी म्हटलं.

“हं,” म्हणाले आणि पुसतच राहिले.

पाठवणीच्या वेळी सगळे रडले, माझे बाबासुद्धा. अण्णा गाडीच्या डिकीत बॅगा नीट बसल्या आहेत का ते बघत होते.

मी विचार करतोय तो एवढाच, की त्यांनी केळवणाला पाहिलं, भगवानना सांगून ठेवलं, पैसे दिले, आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी मात्र गच्चीवर पापडांशेजारी बसून थापा मारत होतो. धांदरट हा शब्द त्यांनी फारच जपून वापरला म्हणायचा.

१२ मे, दुपार

लिहून खाली गेलो. आई म्हणाली, “गॅसवर दूध आहे, लक्ष ठेव,” आणि पाहुण्यांकडे गेली. कल्पिता ओट्यापाशी चहाच्या पावडरीचा डबा शोधत होती. आमच्याकडे ती पावडर ‘साखर’ लिहिलेल्या डब्यात असतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

“घड्याळ कसं आहे, अद्वयराव?”

मी सवयीने मनगटाकडे पाहिलं. फर्स्ट क्लास म्हणणार, तोच कल्पिताने फोनवरचं नाव वाचलं आणि तिचा हात डब्यावरच थांबला. मग मला एकेक फोन आठवले. ती आमच्याकडे जेवत असताना आलेला. ती निघाल्यावर आलेला. ती इथे असेल असं वाटून आलेला. मला समजायला वेळ लागतो. तीन महिने लागले.

“अण्णा,” मी म्हटलं, “ती बरी आहे. सकाळी थोडी रडली. आईने मऊ भात केला होता, तो खाल्लाय. आता चहाची पावडर शोधतेय आणि आमच्या डब्यांना हसतेय.”

 

“मी घड्याळाचं विचारलं,” अण्णा म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

“तेही चालतंय. फक्त पाच मिनिटं पुढे आहे. मागे करू का?”

“नको,” अण्णा म्हणाले. “राहू दे पुढे. कल्पिताला उशिरा उठायची सवय आहे.”

 फोन तिच्या हातात दिला आणि तिला मोकळेपणी बोलता यावं म्हणून दुधाकडे वळलो. ते केव्हाच उतू गेलं होतं.